लेकीचे रविवार आणि कॉलनीतली लॅब्रेडोर

साताऱ्याहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

‘मुलगी अकरावी सायन्सला आहे. गणपतीच्या सुमारास आमच्या कॉलनीत कुणीतरी एक लॅब्रेडोर कुत्री सोडून गेलं. गळ्यावर पट्ट्याची खूण आहे, आचळं लोंबलेली आहेत. पांढरी गाडी थांबली की धावत जाते, आत डोकावते आणि परत येऊन गेटपाशी बसते. मुलगी तिला रोज दहीभात घालते, त्यावरून शेजाऱ्यांशी वाद होतात. आता तिला दर रविवारी शहराबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात कामाला जायचं आहे. पुढे व्हेटर्नरी डॉक्टर व्हायचं म्हणते. हे विचारतात, कुत्र्यांमागे फिरून नीटला मार्क मिळणार आहेत का? मला भीती चावण्याची. जाऊ देऊ का?’

ताई,

आधी तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. नाही, एकही मार्क मिळणार नाही. आपल्याकडे बीव्हीएससी अँड एएचचा, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदवीचा, प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं आणि राज्यातल्या जागांची प्रवेशप्रक्रिया नागपूरचं महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे माफसू, राबवतं. निवाऱ्यात काम केल्याचं सर्टिफिकेट तिथे कुणी मागत नाही.

तरीही माझं मत, तिला जाऊ द्या. तिला प्राणी आवडतात हे आपल्याला कळलं आहे. प्राण्यांचं काम झेपतं का, हे अजून तिलाही माहीत नाही. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा कोर्स आहे. त्यात शिरण्याआधी ही गोष्ट काही महिन्यांच्या रविवारांत कळणार असेल, तर ते रविवार वाया गेले असं मी म्हणणार नाही.

निवाऱ्यातली सकाळ कशी असते ते तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगतो. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो आहे. सात वाजता गेट उघडलं की आधी वास येतो, ओल्या गोणपाटाचा, फिनेलचा आणि रात्रभराच्या घाणीचा. पहिलं काम पिंजरे धुण्याचं. मग स्टीलची भांडी राखेनं किंवा साबणानं घासायची, पाणी बदलायचं, गोधड्या वाळत घालायच्या. कुत्र्याला कुरवाळायला मिळतं ते या सगळ्यानंतर, तेही सांभाळणाऱ्या ताईंनी दाखवलेल्याच कुत्र्याला. माझ्याबरोबर आलेली एक मुलगी पहिल्या दिवशी जखमेतल्या अळ्या बघून बाहेर जाऊन बसली. चौथ्या रविवारी तीच मुलगी टॉर्च धरून उभी होती आणि कंपाउंडर चिमट्यानं एकेक अळी काढत होते. दुसरा एक मुलगा पिंजऱ्यांत कधी रमलाच नाही, पण तिथली लसीकरणाची वही त्यानं इतकी नीट लावून दिली की कोणत्या कुत्र्याचा डोस राहिला ते एका नजरेत दिसू लागलं. दोघांनाही स्वतःबद्दल काहीतरी कळलं.

म्हणून तिच्याकडून एकच कबूल करून घ्या. दर रविवारी दोन तास, तीच जागा, तेच काम, निदान सहा महिने. चार ठिकाणी चार दिवस जाऊन फोटो काढणाऱ्या मुलांचा निवाऱ्यांना त्रासच होतो, कारण प्रत्येक नव्या मुलाला शिकवायला कुणाचा तरी वेळ जातो. कुत्रीही रोजच्या माणसांना सरावतात. कुणीतरी टाकून गेलेल्या कुत्रीला तर ठरल्या वेळी परत येणारं माणूस लागतंच.

आता चावण्याची भीती. ती रास्त आहे, मी ती खोडून काढणार नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. पण वेळीच लस घेतली तर तो टाळता येतो. तुमची मुलगी नियमित जाणार असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस घ्या, धनुर्वाताचंही बघून घ्या. ओरखडा उठला, दात लागला, जखमेवर लाळ आली, काहीही झालं तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. आधी लस घेतली असली तरी जायचंच. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. आणि तुम्ही रागवाल म्हणून तिनं लपवून ठेवलं, असं होता कामा नये. ‘चावलं तर जाणं बंद’ असं तिला बजावू नका. तसं बजावलं की पोरं जखम बाहीखाली लपवतात.

ज्या निवाऱ्यात ती जाणार तिथे आधी तुम्ही स्वतः जाऊन या. अठराच्या आतल्या मुलांकडून पालकांचं लेखी संमतिपत्र घेतात का, नव्या आलेल्या कुत्र्यांना वेगळं ठेवतात का, मुलांना अनोळखी जनावर पकडायला लावतात का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर दुसरी जागा शोधा. जाळी टाकून कुत्रं धरणं हे शिकलेल्या माणसांचं काम आहे.

यापुढचा भाग तिलाच वाचायला द्या.

बाळ, तुझ्या वयाला झेपणारी आणि खरोखर उपयोगाची कामं भरपूर आहेत. तुझ्या गल्लीपासून सुरुवात कर. एक वही घे आणि कॉलनीतल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद कर, रंग, नर की मादी, नेहमीची जागा आणि कानाची खूण. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच केलेली असते. ती नसलेल्या किती माद्या आहेत, हे तुझ्या वहीत महिन्याभरात स्पष्ट दिसेल. कुत्री साधारण त्रेसष्ट दिवसांत विते, म्हणजे उशीर झाला की दोन महिन्यांत आणखी पाच-सहा पिल्लं रस्त्यावर. नसबंदी आणि लसीकरण ही २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. नगरपालिकेत ‘आमच्याकडे कुत्री फार झालीत’ असा अर्ज येतो आणि फायलीत जातो. तुझी वही जोडलेला अर्ज गेला तर कुठली मादी कुठे सापडेल हे पथकाला कळतं.

नोंदीच्या कामाला कमी लेखू नकोस. गोव्यात २०१४ पासून मिशन रेबीज या संस्थेची पथकं गावोगाव फिरून कुत्र्यांना लस देतात आणि प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइल ॲपवर करतात. शाळांमध्ये मुलांना कुत्र्याशी कसं वागावं तेही शिकवतात. एका भागातल्या निदान सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजचं संक्रमण थांबतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोजल्याशिवाय सत्तर टक्के झाले हे कसं कळणार? तुमच्या शाळेत २८ सप्टेंबरला, रेबीज दिनाला, पाचवी-सहावीच्या मुलांपुढे वीस मिनिटं बोलायची परवानगी माग. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, नजर खाली. हे त्यांच्याकडून करवून घे, नुसतं सांगू नकोस.

दत्तक देण्यासाठी फोटो आणि माहिती लिहिणं हेही मोठं काम आहे. गजाआडचा, वरून काढलेला फोटो बघून कुणी येत नाही. खाली बस, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, सकाळच्या उन्हात काढ. आणि खरं लिही. ‘फटाक्यांना घाबरते, मांजरांशी जमत नाही’ हे लिहिलंस तर कुत्री नेऊन पंधरा दिवसांनी परत आणून सोडणारे कमी होतील.

एक माझी गोष्ट सांगतो, मला ती अजून टोचते. तुझ्याच वयाचा होतो. मे महिन्यात नाल्याकडेला मला एक पिल्लू दिसलं, डोळेही न उघडलेलं. मी ते बुटाच्या खोक्यातून घरी आणलं आणि उताणं धरून ड्रॉपरनं गायीचं दूध पाजलं. रात्रीच ते गेलं. बऱ्याच वर्षांनी एका पशुवैद्यानं मला माझ्या चुका समजावल्या. पहिली, मी तासभर लांब थांबून आई येते का पाहिलंच नाही, ती बहुतेक खायला शोधत गेली असणार. दुसरी, पिल्लू गार पडलं होतं. एवढ्या लहान पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही आणि गार पिल्लाला दूध पचत नाही. आधी टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली जवळ ठेवायची, तोंडात बोट घालून आतून ऊब लागली की मगच पाजायचं, तेही पालथं धरून. उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. दूधही पिल्लांसाठी मिळतं ते. शिवाय पहिले तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शू होत नाही, आई चाटते तेव्हा होते. आई नसेल तर ओल्या कापसानं हळूच पुसावं लागतं, प्रत्येक पाजण्यानंतर, रात्रीसुद्धा. पिल्लू काही दिवस घरी ठेवायची, म्हणजे फॉस्टर करायची इच्छा तुला होईलच. हे सगळं कोण करणार ते आईबाबांशी बोलून ठरव आणि परीक्षेच्या महिन्यात हो म्हणू नकोस.

ताई, आता पुन्हा तुमच्याशी.

व्हेटर्नरीबद्दल एक गोष्ट मुलं गृहीत धरतात आणि पहिल्याच वर्षी धक्का बसतो. त्या अभ्यासक्रमात कुत्रं-मांजर हा एक भाग आहे. गायी, म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांचा पसारा फार मोठा आहे. गाभण तपासणीसाठी खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गायीच्या मागे उभं राहावं लागतं. पुढे एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी झाली तर रोजचं काम तेच. तुमच्या जिल्ह्यातच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. फोन करून परवानगी घ्या आणि एक सकाळ तिथल्या चिकित्सालयात तिला शेतकऱ्यांच्या रांगेत उभं राहून बघू द्या. ते बघून डोळे चमकले तर अभ्यासाला जोर येईल. नाही चमकले तरी हरकत नाही. प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांत वकील असतात, प्राण्यांचं वर्तन अभ्यासणारे असतात, सार्वजनिक आरोग्यातले असतात, निवारा चालवणारे असतात. तो विचार बारावीनंतरही करता येईल.

वेळेचं म्हणाल तर रविवारचे दोन तास अभ्यासाला जड जात नाहीत. जड जातात ते फोनवरचे ग्रुप. रात्री अकराला अपघाताचा फोटो येतो, ‘कुणी आहे का जवळ?’ आणि पोर रात्रभर जागी. ती मदतीला जाऊ शकत नाही आणि विसरूही शकत नाही. असे ग्रुप तिनं बंद ठेवावेत आणि रात्रीच्या बचावकार्याला जाऊ नये, यावर मी ठाम आहे. बारावीच्या जानेवारीपासून नीट होईपर्यंत महिन्यातून एकच रविवार ठेवा. एखादं जनावर तिच्यासमोर दगावेल तेव्हा ‘एवढं काय त्यात’ म्हणू नका. जेवायला बसवा आणि ती बोलेल ते ऐका.

शेजाऱ्यांशी भांडण वाढवू नका. २०२३च्या त्याच प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खायला घालण्याच्या जागेबद्दलही तरतूद आहे. ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून लांब हवी आणि वेळ मुलांची व वृद्धांची वर्दळ नसेल अशी. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशातही खायला घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच असं आहे. म्हणजे गेटपाशी दहीभात ठेवणं तिनं बंद करावं. सोसायटीच्या बैठकीत तिनं स्वतः उठून एक कोपरा मागावा, आणि खाणं झाल्यावर जागा झाडून घ्यायचं कबूल करावं. मग पाळावंही.

आणि ती लॅब्रेडोर. तुमच्या वर्णनावरून ती बहुधा पिल्लं काढून विकणाऱ्या कुणाकडे होती आणि वय झाल्यावर सोडून दिली. पाळलेलं जनावर असं सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे. पण एक शक्यता हरवल्याचीही असते, म्हणून आधी पशुवैद्याकडे नेऊन मायक्रोचिप, म्हणजे मालकाची ओळख पटवणारी कातडीखालची चिप, आहे का ते बघा आणि परिसरात चौकशी करा. कुणी आलं नाही तर लस द्या, नसबंदी करून घ्या आणि मगच घर शोधा. नसबंदीआधी ‘फुकट लॅब्रेडोर मिळेल’ असं कुठेही लिहू नका. पहिला फोन पुन्हा पिल्लं काढणाऱ्याचाच येण्याची भीती असते. जो नेणार त्याच्या घरी तुम्ही आणि मुलगी दोघी जाऊन या. अंगणात बांधून ठेवायची साखळी आधीच तयार असेल तर चहा न घेता परत या.