बाळाची खोली नंतर रंगवा, आधी ती पॉलिसी परत करा

चिंचवडहून एका होणाऱ्या बाबांचं पत्र आलंय. वय 31, पॅकेज साडेअकरा लाख, हातात महिना 82 हजार. मिसेसना 38 हजार, त्यांना पाचवा महिना चालू आहे आणि नोव्हेंबरच्या शेवटी तारीख दिलीय. घर 1998 च्या बिल्डिंगमधला रिसेलचा फ्लॅट, लोन 38 लाख बाकी, हप्ता 34 हजार. प्रश्न असा की बाळाची खोली इंटिरियरवाल्याकडून करून घ्यावी (त्याचं कोटेशन 1 लाख 60 हजार, वॉलपेपर आणि फॉल्स सीलिंगसकट) की व्हिडिओ बघून स्वतः करावी, ज्याचा त्यांनी 45 हजारांचा अंदाज काढलाय. पैसे एफडीतून. एफडी 3 लाख 70 हजारांची होती, त्यातले दीड लाख मोडून "बाळाच्या नावाने चाइल्ड प्लॅन घेतला, त्यामुळे भविष्याचं टेन्शन नाही, मॅच्युरिटीला 60 लाख मिळतील" असं एका ओळीत लिहून ते परत रंगाकडे वळलेत.

खोलीचं उत्तर देते, पण खाली. आधी ती एक ओळ.

तुम्ही त्या चाइल्ड प्लॅनच्या पॉलिसीचे कागद स्कॅन करून जोडलेत ते बरं केलंत. पॉलिसी तुमच्या हातात आली 3 जुलैला, पत्र लिहिलंत 14 ला. म्हणजे फ्री लूकच्या 30 दिवसांतले अजून 19 दिवस शिल्लक होते. या मुदतीत पॉलिसी परत करता येते आणि जेवढे दिवस विमा चालू होता तेवढ्याचे थोडे पैसे, स्टँप ड्युटी आणि मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च एवढं कापून बाकी सगळं परत मिळतं. हे उत्तर वाचाल त्या दिवशी अर्ज करा, रविवारची वाट बघू नका.

का ते सांगते. दुसऱ्या पानावर दोन रकाने आहेत, एक 4 टक्के परतावा धरून आणि एक 8 टक्के धरून. 8 टक्केवाल्या रकान्यातल्या शेवटच्या आकड्याला कुणीतरी निळ्या पेनाने गोल केलाय, तो आकडा 48 लाख. शेजारच्या 4 टक्क्यांच्या रकान्यात 27 लाख आहेत, त्याला पेन लागलेलंसुद्धा नाही. 60 लाख तर कागदावर कुठेच नाहीत, ते फक्त पॉलिसी विकणाऱ्या बँकेतल्या मॅडमच्या तोंडी होते! तुम्ही 12 वर्षं दीड-दीड लाख म्हणजे 18 लाख भरणार आणि 20 वर्षांनी 27 ते 48 च्या मध्ये कुठेतरी मिळणार. आता हेच दीड लाख 12 वर्षं पीपीएफमध्ये टाका, पुढची तीन वर्षं खातं चालू ठेवायला 500-500 भरा, 15 वर्षांनंतर पाच वर्षांची मुदतवाढ घ्या, तर आजच्या 7.1 टक्क्यांनी 50 लाखांच्या आसपास होतात. सरकार व्याजदर बदलू शकतं हे मान्य, पण ज्या प्लॅनचा सगळ्यात आशावादी आकडा साध्या पीपीएफच्या खाली येतो तो कशासाठी घ्यायचा? आणि 6 टक्के महागाई धरली तर 20 वर्षांनंतरचे 48 लाख म्हणजे आजचे 15 लाख. इंजिनियरिंग, मेडिकल, परदेश असं सगळं त्यात होईल असं तुम्हाला सांगितलंय, ते होणार नाही.

टॅक्स वाचेल हेही सांगितलंय म्हणता. तुम्ही नवीन रिजीममध्ये आहात, तिथे 80सीची वजावट नाहीच. पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत तसाही टॅक्स शून्य आहे, तुमचं पॅकेज साडेअकरा. जो टॅक्स लागतच नाही तो वाचवायला दीड लाख द्यायला लावले, याचा मला खरंच राग आलाय.

यातला विमा 15 लाखांचा आहे. तुम्हाला काही झालं तर 15 लाख येतील आणि लोन आहे 38 लाख, म्हणजे मिसेस, बाळ, 23 लाखांचं कर्ज आणि 38 हजार पगार, तोसुद्धा तेव्हा चालू असेल तर. "चाइल्ड प्लॅन आहे म्हणून टर्म घेतला नाही" हे वाक्य तुमच्या पत्रात आहे ना, ते उलटं करा. दीड कोटीचा टर्म प्लॅन (नुसता विमा, मॅच्युरिटीला काही मिळत नाही) तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, वर्षाला साधारण 15 ते 20 हजारांत येतो आणि आता त्यावर जीएसटीही नाही. टर्मची पॉलिसी हातात यायला वेळ लागतो, पण त्यासाठी फ्री लूकचा अर्ज थांबवायचा नाही, दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करा.

आता पुढच्या जुलैचा विचार करा, कारण खरी गाठ तिथे आहे. मिसेस बाळंतपणानंतर एकूण वर्षभर घरी राहणार म्हणताय आणि त्यांची नोकरी कंत्राटी आहे म्हणून पगारी रजा मिळणार नाही असं धरलंय, असं कुणी सांगितलं? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालं असेल तर 26 आठवडे पगारी रजा हा कायदा आहे, कंत्राटी बाईलाही. एचआरला तोंडी विचारू नका, मेल करा. पण ती मिळाली तरी एप्रिल-मेला संपेल आणि पुढचे सहा-सात महिने घरात फक्त तुमचे 82 येतील. हप्ता 34, घरखर्च 40, बाळाचे 8-9 धरले की संपले. आणि बरोब्बर त्याच मधल्या जुलैत दीड लाखांचा दुसरा प्रीमियम येऊन उभा राहणार.

तो कुठून भरणार? एफडीत उरलेत 2 लाख 20 हजार. तुमच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बाळंतपणाला 50 हजारांची मर्यादा आहे, सिझेरियन झालं तर प्रायव्हेटमध्ये बिल लाखाच्या पुढे सहज जातं, म्हणजे 60-70 हजार खिशातून धरूनच चाला. उरले दीड लाख. त्यात इंटिरियरवाल्याचे 1 लाख 60 हजार बसतच नाहीत, आणि बाळाला दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर काय, याचा विचार पत्रात कुठेच नाही. प्रीमियम चुकला की पॉलिसी बंद पडते आणि एका वर्षातच सोडलेल्या पॉलिसीत भरलेल्यातला बराचसा भाग जातो. असं दर महिन्याला कुणाचं तरी मी बघते.

अर्ज विमा कंपनीकडे करायचा, बँकेकडे नाही. मेल करा आणि शाखेत जाऊन कागदी अर्जावर पोच घ्या, तारखेचा शिक्का दिसला पाहिजे. बँकेतून फोन येईल, "सर एक वर्ष थांबा, मग बघू" म्हणतील, थांबायचं नाही. कंपनीने 30 दिवसांत दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्यांचं एक ऑफिस पुण्यातच आहे. पैसे परत आले की परत एफडी करा, हात लावू नका. आणि बाळ झालं की त्याच आठवड्यात एचआरला कळवून त्याचं नाव मेडिक्लेममध्ये घाला, ही मुदत फार लहान असते.

आता खोली. स्वतःच करा, मला मनापासून आवडेल. पण आत्ता नको. मिसेस सप्टेंबरमध्ये डोहाळजेवण झालं की साताऱ्याला माहेरी जाणार आणि बाळाला घेऊन फेब्रुवारीत परत येणार, हे तुम्हीच लिहिलंय. मग जुलैत घाई कशाची? पावसात भिंत वाळत नाही, घरात गरोदर बाई, वर घासलेल्या रंगाची धूळ. घरगुती रंगातल्या शिशावर मर्यादा आली 2017 च्या नोव्हेंबरपासून, तुमची बिल्डिंग 1998 ची, जुन्या थरात काय आहे कुणाला माहीत. डिसेंबरात करा, हवा कोरडी असते, घर रिकामं असतं आणि वास जायला दोन महिने मिळतात.

फोटोत खिडकीखाली पोपडे दिसतायत, वीतभर रुंद, खाली पिवळट डाग. ती ओल बाहेरून आहे. पावसाळा संपला की आधी खिडकीच्या बाहेरची भेग भरून घ्या, तशाच ओलीवर वॉलपेपर लावलात तर मागे बुरशी धरेल आणि बाळ त्याच खोलीत श्वास घेणार. खोली 10 बाय 11, दार-खिडकी वजा करून भिंती साधारण साडेतीनशे चौरस फूट. दोन हातांसाठी चार लिटरचा कमी वासाचा वॉटर बेस डबा पुरतो, शिवाय प्रायमर, रोलर, ब्रश, टेप आणि भेगांपुरती लांबी (पुट्टी). सगळ्या भिंतीला लांबी मारायला जाऊ नका, नवशिक्याच्या हाताने लाटा येतात आणि त्या घासता घासता दोन दिवस जातात. पोपडे पाणी मारून घासा, कोरडे नाही, आणि तोंडाला साधा रुमाल नको, चांगला मास्क लावा. पहिल्या दिवशी कपाटामागची भिंत घ्या, हात तिथे बसतो. सगळं मिळून सहा-सात हजार. रंग म्हणाल तर फिकट पिवळा नाहीतर फिकट हिरवा.

18 हजारांचा कॉट राहू द्या. पहिलं वर्ष बाळ तुमच्याच खोलीत झोपणार आणि माहेरचा लाकडी पाळणा येतोच आहे म्हणताय, त्याचे स्क्रू आणि कड्या तेवढ्या तपासून घ्या. कपाट मात्र भिंतीला क्लँप मारून पक्कं करा, वर्षभरात ते धरून बाळ उभं राहायला लागतं.

पोच मिळाली की तिचा फोटो पाठवा. रंगाचे कार्ड नंतर बघू, डिसेंबरला वेळ आहे.