मुलांचा छळ फोनवर होत असेल, तर फोन काढून घ्यावा का?

पालकांच्या मनात हा प्रश्न वारंवार येतो. तो घेऊनच आठवीतल्या एका मुलीचे आईवडील माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलीला वर्गातली मुले फोनवरून त्रास देतात हे कळताच त्यांनी तिचा फोन कपाटात ठेवला होता, आणि तेव्हापासून ती अधिकच गप्प झाली होती.

मुलीशी एकटीशी बोलल्यावर सगळी हकिकत समजली. वर्गात कविता म्हणताना कोणीतरी तिचा तोंड उघडे असलेला फोटो काढून त्याचे स्टिकर केले होते, आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर साधा गृहपाठाचा प्रश्न आला तरी उत्तरादाखल तेच स्टिकर येत असे. तिने हे घरी सांगितले नव्हते, कारण सांगितले तर फोन जाईल ही भीती तिला त्या छळाहून मोठी वाटत होती. नेमके तेच घडले. शिवाय तिला धीर देणारी मैत्रीण दुसऱ्या शाळेत गेलेली असल्याने तिच्याशी बोलण्याचा मार्गही त्या फोनबरोबर बंद झाला.

म्हणून मी आधी फोन परत द्यायला सांगितले, आणि ‘तू सांगितलेस म्हणून तुझे काहीही काढून घेणार नाही’ हे तिला स्पष्ट शब्दांत सांगायला लावले. वडिलांना हे जड गेले. त्यांना त्या मुलांच्या घरी जाऊन जाब विचारायचा होता. त्यांचा संताप रास्तच होता. परंतु पालकांमध्ये भांडण जुंपले की त्याचे परिणाम दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनाच भोगावे लागतात, हे मी पाहिले आहे.

नंतर तिघांनी एकत्र बसून स्क्रीनशॉट काढले. पाठवणाऱ्याला आपला संदेश सर्वांच्या फोनवरून पुसता येतो, त्यामुळे ब्लॉक करण्याआधीच नाव, तारीख आणि वेळ दिसेल असा पुरावा जपून ठेवावा लागतो. मुलीने कोणालाही उलट उत्तर द्यायचे नाही असे ठरले. व्हॉट्सअॅपवर तक्रार नोंदवली की त्या व्यक्तीकडून आलेले शेवटचे 5 संदेश कंपनीकडे जातात आणि तक्रार कोणी केली हे त्या व्यक्तीला कळवले जात नाही, हे समजल्यावर मुलीची धास्ती बरीच कमी झाली. एक ग्रुप बंद पडला की दुसरा निघतो, म्हणून आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकते या सेटिंगमधून तिने त्या मुलांना वगळले. पुरावे घेऊन आईवडील वर्गशिक्षिकांना भेटले, आणि त्यानंतर स्टिकर येणे थांबले.

आईने शेवटी विचारले, मुलीचा फोन तिच्या नकळत तपासावा का? माझ्या मते तपासायचा तर तिला सांगून तपासावा, कारण चोरून वाचल्याचे उघड झाले की मूल पुढच्या वेळी सांगणे टाळते. मात्र मूल झोपेनासे झाले, जेवण टाळू लागले किंवा ‘मी नसलेलेच बरे’ असे बोलू लागले, तर वाट न पाहता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे आणि तोवर त्याला एकटे सोडू नये.