पळतो म्हणून धमन्या साफ, असं नसतं

लांब पल्ल्याचं धावणं आणि हृदय यांबद्दल तीच शंका वेगवेगळ्या शब्दांत येत राहते. म्हणून या वेळी उत्तरं एकत्र देत आहे.

प्रश्न : सहा वर्षं धावतो. बसल्या जागी नाडी 48 असते. घड्याळ सारखा इशारा देतं. काळजीचं आहे का?

चक्कर, अंधारी किंवा धाप नसेल तर नाही. तरी एकदा ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वय 54. चढ लागला की छातीत दडपतं, वेग कमी केला की दोन मिनिटांत जातं. ग्रुपमधले म्हणतात ॲसिडिटी आहे, मॅरेथॉन पळणाऱ्याला ॲटॅक येत नाही. पुढच्या महिन्यात शर्यत आहे. ती झाल्यावर दाखवलं तर चालेल?

चालणार नाही. धावणं आज थांबवा आणि उद्या हृदयरोगतज्ज्ञ गाठा. बसल्या बसल्या दडपलं किंवा घाम फुटला, तर उद्याचीही वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा.

श्रमाबरोबर येणारं आणि थांबलं की जाणारं दडपण म्हणजे अंजायना (हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याचं लक्षण), असं धरूनच तपासणी सुरू करायची असते. पुष्कळ रुग्णांना हे नीट सांगता येत नाही. ते नुसती मूठ आवळून छातीच्या मधोमध ठेवतात. ‘दुखत नाही हो, जड वाटतं’ म्हणतात आणि दुखत नाही म्हणून महिने काढतात. शेवटी ॲसिडिटीच निघाली तर आनंदच आहे, पण ते ग्रुपने ठरवायचं नाही.

मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याला धमन्यांच्या आजारापासून अभय मिळतं, हा दावा 1970च्या दशकात टॉमस बॅसलर या अमेरिकी डॉक्टरांनी केला होता. तो तेव्हाच खोटा ठरला. अमेरिकेत धावण्याचं वेड पसरवणारे जिम फिक्स 1984 मध्ये धावतानाच गेले, वय 52. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या धमन्या तुंबलेल्या आढळल्या. त्यांचे वडीलही हृदयविकारानेच 43व्या वर्षी गेले होते.

धावण्याने रक्तदाब, साखर, वजन सुधारतं, हे खरंच आहे. पण घराण्यातून आलेलं कोलेस्टेरॉल आणि पूर्वी ओढलेल्या सिगारेटी त्याने पुसल्या जात नाहीत. उलट दमसास चांगला असल्याने आजार बराच काळ झाकला जातो. चाळिशीनंतर धावताना हृदय बंद पडण्याचं मुख्य कारण धमन्यांतले अडथळे हेच असतं. शर्यत पुढच्या वर्षीही असेल. कृपा करून तपासणी लांबवू नका.

प्रश्न : वय 58, वीस वर्षांचं धावणं, तरी कॅल्शियम स्कोअर 210. धावण्यानेच धमन्या कडक झाल्या का?

वर्षानुवर्षं भरपूर व्यायाम करणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांत हा स्कोअर, म्हणजे स्कॅनमध्ये दिसणारं हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम, जास्त आढळतो, हे खरं. 2017च्या अभ्यासांत त्यांचे प्लाक (धमनीच्या भिंतीत साचलेले चरबीचे थर) बहुतेक कॅल्शियम भरलेले दिसले, म्हणजे फुटण्याचा धोका कमी असलेले. 2023च्या बेल्जियममधल्या अभ्यासाने मात्र इतकं निश्चिंत राहता येणार नाही असं दाखवलं. तिथे मऊ, म्हणजे कॅल्शियम नसलेले प्लाकही जास्त होते. दुसरीकडे, लंडन मॅरेथॉन पहिल्यांदाच धावणाऱ्यांची महाधमनी सहा महिन्यांच्या सरावाने लवचीक झाल्याचं 2020 मध्ये दिसलं. तेव्हा धावण्याला दोषी धरू नका, पण 210 कडे काणाडोळाही नको. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि ते कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांबद्दल तज्ज्ञांशी बोला. स्टॅटिनने हा आकडा थोडा वाढू शकतो, त्यामुळे दरवर्षी स्कॅन करून धास्तावू नका.

प्रश्न : धमन्या साफ करणारी पावडर आणि धावपटूंसाठी साठ तपासण्यांचं पॅकेज, दोन्ही एकत्र सवलतीत मिळतंय. घेऊ?

दोन्ही नको. साचलेला प्लाक धुऊन काढणारी पावडर अस्तित्वात नाही. ती विकणारे तुमच्या भीतीचे पैसे करतात. पॅकेजचा जाड रिपोर्ट बघून लोक खूश होतात, पण त्यात घरातल्या हृदयविकाराची चौकशी कुणी केलेली नसते. रक्तदाब, लिपिड, साखर, ईसीजी आणि डॉक्टरांना गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालताना काढलेला ईसीजी), एवढ्याने सुरुवात होते.

प्रश्न : ताप कालच उतरला. रविवारी 30 किलोमीटरचा लाँग रन आहे. जाऊ का?

नाही. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि त्यावर जोर पडला तर ठोके बिघडतात. थकवा पूर्ण जाऊ द्या, मग हलक्या चालण्यापासून सुरू करा. धडधड किंवा धाप राहिली तर आधी डॉक्टर, नंतर बूट.