प्लेट नसलेली बोट लिफ्ट किती वजन पेलेल?

पानशेतला वापरायला चार दोरांची जुनी बोट लिफ्ट (बोट पाण्याबाहेर उचलून टांगून ठेवणारी) घेतलीत, क्षमतेची प्लेट गायब, आणि विकणारा म्हणतो, "मोटर २ एचपीची आहे, २ टन आरामात." अहो, एचपीवरून क्षमता ठरत नाही. मिनिटाला १ मीटर इतक्या सावकाश उचललं तर कागदावर २ एचपीत ९ टन उचलले जातात! मोटर ओढतच राहते, वाकतो तो आडवा बीम.

सुरुवात वायर रोपपासून करा. व्हर्नियर पेडांच्या (दोर ज्या पिळांचा बनतो त्या) उंचवट्यांवर धरून जाडी मोजा. १७७० ग्रेडचा (हा तारेच्या ताकदीचा आकडा) ८ मिमी रोप नवा असताना साधारण ४ टनांना तुटतो. सुरक्षेसाठी पाचाने भागा, ८०० किलो. टोकाला बुलडॉग क्लिपा (दोर दुमडून आवळणारे नट-बोल्टचे चाप) असतील तर पाचवा हिस्सा अजून वजा, उरले ६४०. आता याला सरळ चाराने गुणू नका. इंजिन मागे असतं, त्यामुळे ६० टक्के भार मागच्या दोन दोरांवर धरा. हिशेब येतो २१०० किलोच्या आसपास. म्हणजे दोरापुरतं तरी विकणारा खोटं बोलला नाही, पण ते दोर ८ मिमीचे आणि धड असतील तरच. एखादी तार जरी तुटून वर आली असेल तर दोर बदला, भाव करत बसू नका.

दोर, शॅकल (दोर अडकवायची कडी), पुली, बीम, खांब यांतला सगळ्यात छोटा आकडा हीच लिफ्टची क्षमता. बीमचं मी फोटो बघून सांगणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरला जागेवर न्या. खांबावर पाणी वर-खाली होतं त्या पट्ट्यातला गंज हातोडीने ठोकून बघायला सांगा.

बोटीचं वजन ब्रोशरमधून घेऊ नका, त्यात बहुधा इंजिन, बॅटरी, पेट्रोल धरलेलं नसतं. १०० लिटर पेट्रोल म्हणजेच ७५ किलो. ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या, मग रिकामा ट्रेलर तोला.

आणि पावसाळा! उघडी बोट ५ बाय २ मीटर धरा. १०० मिमी पाऊस म्हणजे १,००० लिटर, चक्क १ टन. तिकडे जुलैत एवढा पाऊस एका दिवसात होऊ शकतो. पाणी मागे साचतं, म्हणजे आधीच जास्त भार असलेल्या दोरांवर. माझ्या ओळखीतल्या एकांची बोट अशीच सकाळी तिरकी लोंबकळत सापडली. ड्रेन प्लग (पाणी निघून जायच्या भोकाचं बूच) लावलेलाच होता. बोट वर घेतली की प्लग काढून लिफ्टच्या स्विचलाच बांधून ठेवा, म्हणजे खाली सोडताना परत लावायची आठवण राहील.

दोराची जाडी आणि बोटीचं काट्यावरचं वजन इथे टाका, पुढचा हिशेब करून देतो.