चौकशी प्रसंगाची कर, मुलाची नको

नौपाडा, ठाणे

बाळा,

समलैंगिक आणि ट्रान्सजेंडर मुलांचा शाळेत होणारा छळ कसा थांबवायचा, याचं प्रशिक्षण शनिवारी तू तुझ्या शाळेतल्या शिक्षकांना देणार आहेस. त्यासाठी पाठवलेल्या स्लाइड पाहिल्या. अर्ध्यावर बंद केल्या. सप्तरंगी झेंडा आहे, व्याख्या आहेत, लिंगभाव आणि लैंगिकता यांतल्या फरकाचा तक्ता आहे. चूक काही नाही. पण सहावीच्या वर्गात मागच्या बाकावरून ‘ए बायल्या’ असा आवाज आला, तर फळ्याकडे तोंड करून लिहिणाऱ्या बाईंनी खडू खाली ठेवून काय म्हणायचं, हे त्यात कुठेच नाही.

स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, ‘आपल्या शाळेत तसली मुलं नाहीत,’ आणि बाकीचे हसले. तू गडबडलास. आता विचारतोयस की आधी अशी मुलं आहेत हे पटवून देऊ का. नको! पटवायला गेलास की सगळे शोधायला लागतील. सातवी ‘ब’मधला तो, स्नेहसंमेलनात लावणी केलेला तो, मुलींबरोबर डबा खाणारा तो. शाळा सुटेपर्यंत यादी तयार. तू संरक्षणाला गेलास आणि नावं जाहीर करून आलास. म्हणून सांगते, चौकशी प्रसंगाची करायची, मुलाची नाही. हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येईल, सहन कर.

चिडवणारी पोरं तरी कुठे तपासून चिडवतात? ज्याच्या चालण्याची नक्कल होते, तो मोठेपणी कुणावर प्रेम करेल, स्वतःला मुलगा म्हणेल की मुलगी, हे अकराव्या वर्षी त्याचं त्यालाही धड ठाऊक नसतं. लाथ मात्र आज बसते. ती थांबवायला त्याच्या मनाचा निकाल लागायची वाट बघायची काय?

शनिवारी तुला जेमतेम दोन तास मिळतील. ट्रान्स-हार्बरची गाडी गाठायची म्हणून निम्मे जण घड्याळ बघत बसतील. त्यांना व्याख्या नको, प्रसंग दे. मधल्या सुट्टीत मुलाची पँट ओढली. केस बारीक कापलेल्या मुलीला ‘हे मुलींचं आहे’ म्हणत स्वच्छतागृहातून बाहेर काढलं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच्या फोटोला लिपस्टिक लावून फिरवला. पीटीचे सर म्हणाले, ‘बायकांसारखा काय धावतोस!’ हो, हाही प्रसंगच. छळ फक्त पोरंच करतात असं नाही. मग प्रत्येकाला उभं करून पहिलं वाक्य मोठ्याने म्हणायला लाव. लाजतील, हसतील, ‘आम्ही समजावून सांगू’ म्हणतील. समजावणं नंतर. ‘या वर्गात कुणालाही हा शब्द लावायचा नाही.’ एवढं म्हणायचं आणि धडा पुढे सुरू करायचा. भाषण दिलं की सगळा वर्ग वळून त्याच एका मुलाकडे बघतो.

नंतर त्या मुलाला एकट्याला गाठायचं. ‘मी ऐकलं. हे बंद व्हायला हवं. मी काय केलं तर तुला बरं वाटेल?’ बस. ‘तू तसा आहेस का?’ हा प्रश्न कुणीही, कितीही प्रेमाने विचारायचा नाही. मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला समोरासमोर उभं करून ‘सॉरी म्हण, हात मिळव’ हा आपल्याकडचा लाडका कार्यक्रमही बंद. ती माफी शाळेच्या फाटकाबाहेर व्याजासकट वसूल होते.

नोंदवहीत लिहायचं ते तारीख, जागा, काय घडलं, कुणी केलं, आपण काय केलं. मुलगा ‘कसा आहे’ याबद्दल एक अक्षर नाही. ती वही उद्या कोण उघडेल सांगता येत नाही. पालकांना बोलावलंस तर छळाबद्दल बोल. ‘तुमचा मुलगा जरा वेगळा वाटतो हो’ असं पालकसभेत शिक्षकाने सहज म्हणायचं आणि घरी पोराने पट्ट्याचा मार खायचा. असं म्हणणारे लोक वाईट नसतात. काळजीच करत असतात. त्या काळजीनेच मला हात टेकायला लावलेत.

कायद्याची स्लाइड ठेव, पण एकच. प्रौढांमधले संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी सांगितलं. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या 2019च्या कायद्यातलं कलम 13 शासनमान्य आणि अनुदानित शाळांना शिक्षणात आणि खेळात भेदभाव करू देत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मुलांच्या मानसिक छळालाही मनाई करतं. पीटीच्या सरांचं वाक्य ऐकल्यावर तिथे बोट ठेव.

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या नावाने शिक्षक घाबरतात, म्हणून फरक नीट सांग. कुणी नको तिथे हात लावला, जबरदस्ती केली, तसले फोटो काढले, असं मूल सांगत असेल तर कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संस्थेची अब्रू जाईल म्हणून थांबायची सोय नाही. पण ‘मला मुलगे आवडतात’ एवढंच मूल म्हणालं तर तो गुन्हा नाही आणि कुणाला कळवायचंही नाही. आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि ‘बरं करून देतो’ म्हणणारे उपचार हे डॉक्टरांचं गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये कळवलं. मी जन्मभर ठाण्यात राहिले, इथल्या मनोरुग्णालयावरून होणारा ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद मला नवा नाही. स्टाफरूममध्ये तो झालाच तर हसू नकोस. मूल खचलेलं दिसलं तर मात्र त्या खचण्यासाठी मदत लागते. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा 1098 फळ्याशेजारी लिहून ठेव, सगळ्यांसाठी म्हणून.

आता तुझा माझ्यावरचा आरोप. मी शिक्षकांची अशी प्रशिक्षणं घ्यायचे तेव्हा माझ्या परिपत्रकांवर शीर्षक असायचं ‘वर्गातली छेडछाड आणि आपली जबाबदारी’. तू लिहितोस, हे लपवणं झालं. तू पहिला नाहीस, एका संस्थेतल्या मुलीने मला तोंडावर भित्री म्हटलं होतं. ऐक. एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांच्या समावेशाबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका काढली, 2021 मध्ये. आक्षेप आले आणि थोड्याच दिवसांत ती संकेतस्थळावरून उतरली. दिल्लीतल्या एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर आमच्या संचालक मंडळाने माझं काय केलं असतं? शीर्षकात नाव नव्हतं, खोलीत होतं. दार लागल्यावर मी गे, लेस्बियन, ट्रान्सजेंडर हे सगळे शब्द स्वच्छ उच्चारायचे, आणि ‘छक्का’ हा शब्दही उच्चारून तो आपण कुणी, कधी वापरला ते विचारायचे. नाव कागदावर घातलं असतं तर ते वाचून माणसं आली असती, पण किती आली असती? मी हे सारखं पटवून देतेय असं तुला वाटेल. वाटू दे. खोली भरलेली होती.

खंत आहे ती वेगळी. माझी खोली शिक्षकांनी भरली, आणि हे प्रकार बहुतेक वेळा शिक्षकांसमोर होत नाहीत. ते होतात स्वच्छतागृहात, जिन्याच्या वळणावर, बसच्या मागच्या सीटवर. 2024च्या ऑगस्टमधल्या बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर शासनाने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले. बरं झालं. पण स्वच्छतागृहाच्या आत कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. तक्रारपेटी असते मुख्याध्यापकांच्या दाराशी, बरोबर कॅमेऱ्याखाली. कोण टाकणार चिठ्ठी? तमिळनाडूतल्या समलैंगिक आणि ट्रान्सजेंडर तरुणांच्या अनुभवांवर युनेस्कोचा 2019चा अहवाल आहे, त्यात छळाची तक्रार शाळेकडे नेलेले फक्त 18 टक्के निघाले.

आमच्या शाळेत एक मावशी होत्या. मधल्या सुट्टीत मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दारात फडकं घेऊन उभ्या राहायच्या आणि आत जरा आवाज चढला की ‘काय चाललंय रे तिथं?’ एवढंच विचारायच्या. कोण कसा आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मी दोन दोन तास बोलून जे शिकवायचे ते त्यांना न शिकवता येत होतं. मग सफाईचं कंत्राट दुसऱ्याकडे गेलं आणि त्या गेल्या. नव्या बाईंना मुलांच्या बाजूला थांबू नका अशी सूचना होती. शिपाई आणि मावशींना प्रशिक्षणाला बसवा म्हणून मी संस्थेकडे मागितलं, तर उत्तर आलं, ‘त्यांचा काय संबंध?’ तुझ्या कोपरखैरण्याच्या शाळेत तरी हे उत्तर घेऊन गप्प बसू नकोस.

शेवटी तू विचारलंयस, ‘मी माझ्याबद्दल त्यांना सांगू का? निदान मग तरी ऐकतील.’ ऐकतील ना. आणि चहाला तुझ्याबद्दलच बोलतील, मुलांचं राहून जाईल. कुणाला, कधी सांगायचं हा सर्वस्वी तुझा हक्क, त्यात मी पडणार नाही. पण प्रशिक्षणाचं साहित्य म्हणून स्वतःला त्या टेबलावर मांडू नकोस, तेही अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असताना. जो नियम पोरांना तोच तुला. तू कोण आहेस हे न कळताही त्यांना थांबवायला शिकता आलं पाहिजे. शाळेत आपल्यासारखं एखादं मोठं माणूस दिसलं तर मुलांना बळ येतं, हे तुझं म्हणणं मी खोडत नाही. त्यावर भांडायला घरी ये, पत्रात नको.

बुधवारपर्यंत तुझ्याच शाळेतले पाच प्रसंग लिहून पाठव, नावं आणि तुकड्या काढून. पीटीच्या सरांना पहिल्या गटात घे, ते बोलले की बाकीचे बोलतात. बसवरच्या ताईंना शनिवार जमणार नाही, मुलांना सोडून त्या परत येतात तेव्हा त्यांना वेगळं बसव, आणि त्या दिवसाचे पैसे त्यांना मिळतील की नाही हे आधी विचारून घे.

तुझ्या,
बाई