गायक नाही, मग गातंय कोण?

अरे,

तुझ्या गायकाविना केलेल्या रॉक-इलेक्ट्रॉनिक अल्बमचे नऊही ट्रॅक ऐकले. एकदा हेडफोनवर, एकदा स्पीकरवर आणि एकदा फोन टेबलावर ठेवून भांडी घासता घासता, कारण बहुतेक लोक असंच ऐकणारेत. उत्तराला उशीर झाला त्याबद्दल सॉरी. आणि ते "सर" वगैरे सोड, दादा म्हण नाहीतर काहीच म्हणू नकोस.

आधी हे सांगतो की तुझे साऊंड भारी आहेत. दुसऱ्या ट्रॅकमधला तो सिंथ बेस, फिल्टर हळूहळू उघडत जातो आणि वरून डिस्टॉर्शन चढत जातं, तो मी तीनदा मागे नेऊन ऐकला. टोन कसा बनवायचा हे तुला कोणी शिकवायची गरज नाही, त्यामुळे पुढे जे काही बोलणारे ते टोनबद्दल नाहीये.

मला प्रश्न एकच पडला, या अल्बममध्ये गातंय कोण? गायक नाही हे मान्य, पण रॉकमध्ये गायक फक्त शब्द म्हणायला नसतो ना, ऐकणाऱ्याने कुठे बघायचं ते तो सांगत असतो. तो गातो तेव्हा बाकीचे मागे सरकतात, तो श्वास घेतो तेव्हा गिटार एखादा तुकडा टाकून जाते, तो थांबला की ड्रमर फिल मारतो. तू त्याला काढून टाकलंस आणि ती जागा रिकामी दिसायला लागली म्हणून तिथे लेयर भरत गेलास. पॅड (मागे लांबवलेले सिंथचे सूर), त्यावर अर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून), त्यावर अजून एक अर्पेजिओ, मग दोन गिटार, मग उलटा फिरवलेला पियानो. एक ना धड भाराभर चिंध्या. रागवू नकोस, मीही हेच केलंय.

तिसरा ट्रॅकच घे. टेम्पो मिनिटाला १२० ठोके, म्हणजे चार ठोक्यांचा एक बार दोन सेकंदांचा, आणि गिटारची चाल येते ३३व्या बारला. म्हणजे एक मिनिट चार सेकंद मी नुसता लूपवर लेयर चढताना ऐकतोय! गायक असता तर इतक्या वेळात त्याचा मुखडा म्हणून झाला असता. प्रोजेक्ट फाइल पाठवलीस ते बरं केलंस, मी त्या ३३व्या बारला थांबून एकेक चॅनल म्यूट करत गेलो. अकरा होते. आठ म्यूट केल्यावर खाली काय सापडलं माहितीये? पाच सुरांची एक साधी ओळ, चौथ्या सुरावर रेंगाळते आणि मग अर्धा सूर खाली उतरते. अरे काय सुंदर आहे ती! आणि तू ती डावीकडे, रिव्हर्बमध्ये (घुमाऱ्यात) बुडवून, पॅडच्या मागे लपवून ठेवलीयेस. हा तुझा गायक आहे, त्याला मध्ये आण, कोरडा ठेव आणि पहिल्या २० सेकंदांत एकदा तरी दाखव, भले नुसते पहिले दोनच सूर का असेनात.

एक साधी टेस्ट सांगतो, मी अजूनही करतो. वाद्य बाजूला ठेवून चाल तोंडाने म्हणायची. पाचव्या ट्रॅकमधली ती लांबलचक लीड म्हणून बघ, सोळा बार सलग वाजते, तुझा दम सहाव्या-सातव्या बारला संपेल. गिटारला फुप्फुसं नसतात आणि सिंथला तर बोटही उचलावं लागत नाही, म्हणून ही सवय लागते. जिथे दम संपतो तिथे चाल थांबव, पूर्ण थांबव, डिलेची (प्रतिध्वनीची) शेपटीसुद्धा कमी कर, आणि त्या फटीत ड्रम्सना काहीतरी करू दे.

ड्रम्सचा विषय निघालाच आहे तर, तुझा ड्रमर दोनच हातांचा असू दे. चौथ्या ट्रॅकच्या कोरसला (कोरसच म्हणूया, शब्द नसले तरी) बंद हाय-हॅट, राइड, क्रॅश आणि स्नेअर एकाच ठोक्यावर वाजतायत, हे चार काठ्यांचं काम झालं. इलेक्ट्रॉनिक ठेका आहे तिथे हवं ते कर, मशीन मशीनसारखंच वाजलं पाहिजे, तिथे सगळं ग्रिडवर (ठोक्यांच्या आखलेल्या रेघांवर) चिकटवलंस तरी छान वाटतं. पण जिथे खऱ्या ड्रमकिटचे सॅम्पल आहेत तिथे हाय-हॅटच्या सोळाही नोट्सची व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) कमाल १२७ ठेवलीस की कान किटतात. एक जोरात एक हळू एवढं केलंस तरी त्यात हात दिसायला लागतो.

खालच्या बाजूची गर्दी. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झला, बेसची ४१ला, तुझा किक (पायाने वाजवायचा ड्रम) ५५च्या आसपास, आणि वर सिंथ बेस त्याच सप्तकात बेस गिटारचीच ओळ वाजवतोय. दोघांपैकी एकाला सप्तकभर वर ने किंवा घरी पाठव. गिटारवर हाय-पास फिल्टर (खालचा आवाज कापणारा) लाव आणि २०० ते ४०० हर्ट्झमध्ये कोण कोण बसलंय ते बघ, तो जो गढूळपणा येतोय तो तिथला आहे. पण खरं सांगू का, लेयर कमी केलेस की यातलं निम्मं काम आपोआप होतं, ईक्यूने (जाड-पातळ आवाज कमी-जास्त करून) मांडणीची चूक झाकत बसण्यात अर्थ नाही.

आता माझी फजिती ऐक. पहिल्या अल्बमच्या वेळी मला गिटार रुंद हवी होती म्हणून मी एकच टेक (एकदा वाजवलेलं रेकॉर्डिंग) कॉपी करून डावीकडे-उजवीकडे टाकला. त्याने रुंदी येत नाही, दोन्ही कानांत तेच असलं की आवाज मधोमधच बसतो, फक्त मोठा होतो. मग कुठेतरी वाचून एक बाजू १५ मिलिसेकंद मागे सरकवली, आणि काय सांगू, हेडफोनवर अख्खी भिंत उभी राहिली! खूश होऊन मित्राला ऐकवायला गेलो तर त्याच्याकडे एकच स्पीकर, दोन्ही बाजू एकत्र झाल्या, एकमेकींना खायला लागल्या आणि गिटार पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी पोकळ. मित्र म्हणाला छान आहे. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. सगळ्या गिटार परत वाजवाव्या लागल्या, दोन-दोनदा, खऱ्याखुऱ्या. तुझ्या आठव्या ट्रॅकवर मला हाच वास आला, मोनो (दोन्ही बाजू एकत्र) करून बघ.

आणि "मी एकट्यानेच सगळं करणार" हे जे तू दोनदा लिहिलंयस त्याबद्दल. एकट्याने केलेला अल्बम म्हटलं की सगळे माइक ओल्डफिल्डचा १९७३चा ट्युब्युलर बेल्स काढतात. पोरगा रेकॉर्डिंगच्या वेळी १९ वर्षांचा, बहुतेक वाद्यं स्वतः वाजवली, खरंय. पण ड्रम्स स्टीव्ह ब्रॉटनने वाजवलेत आणि रेकॉर्डिंगच्या डेस्कवर टॉम न्यूमन आणि सायमन हेवर्थ होते, म्हणजे "हे नको" म्हणणारं कोणीतरी खोलीत होतं. तुझ्या खोलीत कोणी नाहीये. एक माणूस शोध जो वाद्य वाजवत नाही आणि तुझं मन राखत नाही, त्याला ऐकव आणि तो फोन कधी हातात घेतो ते सेकंद लिहून ठेव.

त्याच अल्बमची अजून एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. रेकॉर्डच्या पहिल्या बाजूच्या शेवटाकडे बेस एकच ओळ फिरवत राहतो आणि विव्हियन स्टॅनशॉलचा आवाज एकेका वाद्याचं नाव पुकारतो, नाव आलं की ते वाद्य तीच चाल वाजवतं. चाल बदलत नाही, गाणारा बदलतो. आणि इतका वेळ माणूस बोललेला नसतो त्यामुळे तो आवाज आल्यावर आपण ताठ बसतो. तुझ्या सातव्या ट्रॅकला हे मिळू शकतं. अख्ख्या अल्बममध्ये तेवढाच एक आवाज आहे, तोही तुझाच, आणि तू त्याला व्होकोडरमधून (आवाज यंत्रासारखा करणाऱ्या साधनातून) काढून वर रिव्हर्बची गोधडी पांघरलीयेस. लाजतोयस ते ऐकू येतं. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. एक तर आवाज उघडा ठेव, जसा आहे तसा, थोडा बेसूर असला तरी, नाहीतर तो ट्रॅक पूर्ण इन्स्ट्रुमेंटल कर. माझं मत विचारशील तर उघडा ठेव.

मास्टरिंगचं (शेवटी आवाजाची पातळी वगैरे लावण्याचं) आत्ता डोक्यात घेऊ नकोस. उणे ६ लफ्सपर्यंत (LUFS, आवाज किती मोठा ते मोजायचं एकक) ठोकून काही मिळत नाही, स्पॉटिफाय साधारण उणे १४ला आणून ठेवतं, मग तुझं चिरडलेलं गाणं नुसतंच चिरडलेलं राहतं. नावं मात्र नीट ठेव, शब्द नसलेल्या अल्बममध्ये शब्द तेवढेच असतात आणि "फायनल नवीन २" हे काही नाव नाही. हां, नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडने २००८ला ३६ ट्रॅक नुसते नंबर देऊन काढले आणि चालून गेले, पण त्यांना लोक आधीपासून ओळखत होते.

सहाव्याच्या शेवटी खुर्ची कर्र वाजलीये, ती काढ. त्यात कला वगैरे काही नाहीये.

बाकी आठ बाजूला ठेव आणि आधी फक्त तिसरा पाठव. चाल, बेस, ड्रम्स, एवढे तीनच चॅनल, रिव्हर्ब नको. वेव फाइल पाठव, मागच्यासारखी एमपीथ्री नको. रविवारी सकाळी मोकळा आहे, तेव्हा बसून ऐकतो.

- दादा