आजी म्हणायल्यात, मामाकडं जायचंय म्हणून सांगूया

प्रश्न : ताई, आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगा पाच वर्षांचा, अंगणवाडीला जातोय. जांघेत सूज यायची म्हणून बेळगावात दाखवलं तर डॉक्टरांनी हर्निया सांगितलं, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, एक-दोन दिवस ॲडमिट राहावं लागेल. सासूबाई म्हणायल्यात पोराला काही सांगू नका, मामाकडं जायचंय म्हणून गाडीत बसवूया, तिथं गेल्यावर बघू. मला ते पटेना, पण सांगायचं तरी कसं? सुई बघितली की घर डोक्यावर घेतोय तो.

उत्तर : सासूबाईंना सांगा, रडणं टळणार नाही, नुसतं पुढं ढकललं जाईल, आणि वर पोराचा तुमच्यावरचा भरवसा जाईल तो वेगळाच. मामाचं घर यायच्या ऐवजी हॉस्पिटलचं गेट आलं की त्याला पहिलं काय कळणार, तर आईपण फसवते. आणि नेमकं त्याच दिवशी त्याला तुम्ही म्हणाल ते खरं वाटायला पाहिजे असतंय. नंतर खरंच मामाकडं निघालात तरी तो गाडीत बसायचा नाही बघा.

पण आज लगेच बसवून सांगू नका. पाच वर्षांच्या पोराला "पुढचा आठवडा" कळत नाही, रोज सकाळी उठून आजच का आजच का करत बसेल. दोन-तीन दिवस आधी सांगितलं तर पुरे. तोवर मोठ्यांनी फोनवर जरा जपून बोला, कारण पोरं खेळतात तसं दिसतंय पण कान सगळे इकडंच असतात, आणि "पोट कापणार" हे शब्द एकदा कानावर पडले की पुढचं तुम्ही काहीही सांगा.

सांगायचं असं, की तुझ्या जांघेत फुगतंय ना ते डॉक्टर नीट करणार आहेत, तुझ्या हातून काही चूक झाली म्हणून नव्हे. (हे मुद्दाम सांगा. या वयाच्या पोरांना खरंच वाटतंय की आपण मस्ती केली, ऐकलं नाही, म्हणून ही शिक्षा.) नाकातोंडावर मास्क ठेवतील, वास जरा वेगळा येईल, मग झोप लागेल. ही झोप घरच्यासारखी नसते, डॉक्टर औषधानं आणतात, ऑपरेशन संपेपर्यंत काही कळत नाही आणि संपलं की जाग येते. एवढा फरक सांगितला नाही तर काही पोरं नंतर घरी रात्री झोपायलाच घाबरतात. एक प्लास्टिकचा वाटीसारखा कप घ्या, आधी बाहुल्याच्या तोंडावर, मग बाबांच्या, मग त्याच्या, फुंकर मारायचा खेळ करा दोन संध्याकाळ. डॉक्टर त्यालाच होऊ दे.

सुईचं मात्र "अजिबात दुखत नाही" म्हणू नका, दुखतंय. टोचल्यासारखं होईल, रडलास तरी चालेल, फक्त हात हलवायचा नाही, असं सांगा. सलाइन लावल्यावर पोरांना वाटतंय की सुई आतच राहिलीय, म्हणून हात ताठ धरून बसतात. सुई काढून घेतात, आत मऊ बारीक नळी राहते, हे सांगितलं की अर्धी भीती जाते. कातडी बधिर करायचं मलम मिळतंय का तेपण डॉक्टरांना विचारा, ते साधारण तासभर आधी लावावं लागतं.

आता उपाशी राहायचं, आणि इथंच घरात भांडण होतंय. साधारण जेवण आणि वरचं दूध भुलीच्या आधी ६ तास बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी जी वेळ दिली तीच पाळा. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतंय म्हणून हे सगळं. "लेकरू उपाशी हाय" म्हणून आजीनं पहाटे गुपचूप घोटभर दूध पाजलं तर ऑपरेशन पुढं जातंय, आणि पाजून लपवलं तर धोका. सासूबाईंना सोबत नेऊन हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा, सुनेनं सांगितलेलं कोण ऐकतंय?

करदोटा घरीच सोडा. ऑपरेशन तिथंच जवळ आहे, त्यामुळं तो काढायलाच लावतात, आणि ऐनवेळी सिस्टरनं कात्रीनं कापला की आजी वेगळ्या नाराज आणि पोरगं वेगळं घाबरलेलं. आजींनाच सोडायला द्या, परत बांधायचा कधी ते डॉक्टरांना विचारून त्यांनीच बांधू दे. दात हलत असेल, सर्दी-खोकला-ताप असेल तर आधी कळवा, तारीख जाईल म्हणून लपवू नका. खानापूरच्या पावसात नाक वाहणं नवीन नाही, पण भुलीच्या वेळी श्वासाला त्रास होऊ शकतो.

वॉर्डातल्या सिस्टर मराठी बोलतीलच असं नाही, कुणी कन्नड, कुणी केरळच्या. पोराला "नोवु" म्हणजे दुखतंय आणि "नीरु" म्हणजे पाणी एवढं शिकवून ठेवा, तुम्ही औषध आणायला खाली गेलात तर उपयोगी पडतंय. रात्री मात्र तुम्ही किंवा बाबांनी जवळ राहाच. पूर्वी इंग्लंडात आई-बापांना ठरलेल्या वेळीच भेटू द्यायचे, १९५९ साली हॉस्पिटलातल्या मुलांसाठी नेमलेल्या तिथल्या प्लॅट समितीनं ते बदला म्हणून सांगितलं. म्हणून आता "आई जवळ असली की पोरगं जास्त रडतंय" असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका, तुमच्यापुढं त्याला रडायला येतंय हे चांगलंच आहे.

आणि एक, जे तुम्हाला कुणी आधी सांगत नाही. भूल उतरताना काही पोरं हातपाय झाडतात, ओरडतात, आईलाच ढकलतात, ओळखतच नाहीत. साधारण अर्ध्या तासात निवळतंय आणि नंतर त्यांच्या लक्षातही राहत नाही. घरी आल्यावर थोडे दिवस अंथरुण ओलं करेल, पदर सोडणार नाही, तेव्हा रागावू नका. ताप, वाढती सूज, सारखी उलटी किंवा टाक्यातून रक्त असेल तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, टॉन्सिल काढायचेत. आम्ही निपाणीचे, ऑपरेशन कोल्हापुरात. ती मोबाइलवर ऑपरेशनचे व्हिडिओ बघत बसते आणि रात्री झोपत नाही. मोबाइल काढून घेऊ का? – एक वडील

उत्तर : काढून घेतलात तर मैत्रिणीच्या घरी बघेल. तिच्या शंका वहीत लिहायला सांगा आणि पुढच्या वेळी तिलाच डॉक्टरांना विचारू द्या, तुम्ही मधे बोलू नका. अकरा वर्षांच्या मुलीला आठवडाभर आधी सगळं नीट सांगितलेलं बरं असतंय. घसा दहा-बारा दिवस दुखणार, कानातपण कळ येणार, घशात पांढरट थर दिसणार, तो पू नव्हे. दुखतंय म्हणून खाणं-पिणं सोडू देऊ नका, गोळ्या वेळेवर द्या. साधारण दोन आठवडे शाळा नाही, आणि तेवढ्यात लांबच्या लग्नाला वगैरे नेऊ नका, कारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास खपली निघताना कधीकधी रक्त येतं. थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं तर सकाळची वाट न बघता जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, आधी निपाणीतच कुठं चोवीस तास डॉक्टर असतात ते आजच चौकशी करून ठेवा.